जुना स्पीकर : आधी कड बघा, मग किंमत विचारा

दिवाळीची साफसफाई सुरू झाली की कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या घरांच्या माळ्यांवरून ज्या वस्तू खाली उतरतात, त्यांत लाकडी खोक्यांची एखादी जोडी असते. कुठे कॉस्मिक, कुठे सोनोडाइन, कुठे फिलिप्स. त्यानंतरच्या पिढीतल्या घरांत सोनी किंवा आयवाच्या मिनी सिस्टिमचे स्पीकर. पुसून जोडून पाहिले तर आवाज फाटका येतो, किंवा एकाच बाजूने येतो, आणि मग घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो भंगारवाल्याला द्या, तीस वर्षे झाली. दुसरा म्हणतो, असा आवाज आता मिळत नाही. दोघांचाही मुद्दा वयाभोवती फिरतो आणि नेमकी तिथेच गफलत आहे. स्पीकर एकसंधपणे म्हातारा होत नाही. त्याचे काही भाग दहा-पंधरा वर्षांत संपतात, काही पन्नास वर्षांनीही जसेच्या तसे असतात. म्हणून ‘किती जुना’ यापेक्षा ‘काय गेले आहे’ हा प्रश्न आधी विचारला पाहिजे. गेलेला भाग मुळातच बदलण्याजोगा असेल, तर दुरुस्ती हाच पहिला पर्याय धरावा.

आज बाजारात मिळणारा बहुतेक प्रत्येक स्पीकर ज्या तत्त्वावर चालतो ते तत्त्व चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या दोन अमेरिकन अभियंत्यांनी १९२५ साली मांडले. चुंबकाच्या अरुंद खाचेत तांब्याच्या तारेची कॉइल, कॉइलला चिकटवलेला कोन, आणि कोनाला मध्यावर धरून ठेवणारे दोन लवचिक आधार : आतला स्पायडर आणि बाहेरची कड. यातले फेराइट मॅग्नेट घरगुती वापरात व्यवहारतः थकत नाही. हे सगळे धरून ठेवणारी लोखंडी किंवा ओतीव चौकट, म्हणजे बास्केट, टिकते. चांगल्या प्लायवूडचे खोके टिकते. बहुतेक वेळा संपते ती कड, आणि तीही फोमची असेल तर. एवढा नाशवंत पदार्थ मुळात वापरला तरी का? त्याचे उत्तर १९५४ मध्ये आहे. अमेरिकन संशोधक एडगर व्हिल्चर यांनी त्या वर्षी बंद खोक्यातल्या हवेलाच स्प्रिंगसारखे वापरून लहान स्पीकरमधून खोल बेस काढून दाखवला. त्यासाठी कोनाचे आधार अतिशय मऊ हवे होते. पुढे मऊ आणि हलक्या पॉलियुरेथेन फोमने ही गरज स्वस्तात भागवली. पण हवेतल्या दमटपणाने या फोमची रासायनिक साखळी तुटत जाते, ऊन आणि ओझोन त्यात भर घालतात. कोल्हापूरच्या चार महिन्यांच्या पावसाळ्यात बंद माळ्यावर ठेवलेला फोम न वाजवताही भुसा होतो. रबराची कड बरीच जास्त टिकते, आणि कापडाची कड तर अनेकदा पहिल्या मालकापेक्षाही जास्त.

म्हणजे कड झडलेला वूफर (खालच्या स्वरांचा मोठा स्पीकर) हा मेलेला वूफर नव्हे. तो मेला आहे की नाही हे तपासायला फार सामग्री लागत नाही. सगळ्यात आधी डाव्या-उजव्या वायरींची अदलाबदल करा. बिघाड दुसऱ्या बाजूला गेला तर दोष अँप्लिफायरचा किंवा वायरचा आहे, स्पीकरचा नाही. मग पुढची जाळी काढून दोन्ही हातांच्या बोटांनी कोन सर्व बाजूंनी सारखा, हलकेच आत दाबा. खरखर जाणवली तर कॉइल खाचेत घासते आहे. मल्टिमीटरवर आठ ओहमचा वूफर साधारण साडेपाच ते सात ओहम दाखवतो. काहीच दाखवत नसेल तर कॉइल जळाली आहे किंवा कोनावरची तार तुटली आहे, आणि तुटलेली तार डाग देऊन पुन्हा जोडता येते. कॉइल मोकळी हलते, मीटर बरोबर दाखवतो, फक्त कड गेली आहे, असा निकाल आला तर तो स्पीकर भंगारात देणे म्हणजे टायर झिजला म्हणून गाडी विकण्यासारखे आहे.

आवाज फाटत नाही, पण मंद आणि गुदमरलेला वाटतो, ही तक्रार वेगळी. तिचे मूळ बहुधा खोक्याच्या आत, वूफर आणि ट्वीटर (उंच स्वरांचा छोटा स्पीकर) यांत स्वर वाटून देणाऱ्या क्रॉसओव्हरमध्ये असते. ट्वीटरच्या वाटेवर बसवलेला इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर वर्षानुवर्षे सुकत जातो, त्याचा अंतर्गत रोध वाढतो आणि ट्वीटरकडे जाणारा स्वर दबतो. कोल्हापूरच्या श्रोत्याला याचे महत्त्व जास्त पटावे. हे अल्लादिया खाँसाहेबांचे गाव, देवल क्लबचे गाव. इथल्या घरांत खाँसाहेबांच्या शिष्या केसरबाई आणि मोगूबाई ऐकल्या जातात. गाणाऱ्याचा मूळ स्वर काहीशे हर्ट्झवर असला, तरी शब्दाची धार आणि तानेतला स्वच्छ दाणा दोन ते चार हजार हर्ट्झच्या पट्ट्यात उमटतो. पुष्कळ दोन-मार्गी स्पीकरमध्ये वूफर याच पट्ट्यात काम ट्वीटरच्या हाती सोपवतो. तो सांधा बिघडला की बंदिशीचे बोल पुसट होतात. कंडेन्सर बदलणे हे स्पीकरमधल्या स्वस्त कामांपैकी एक आहे. मात्र बदलताना मूळचेच मूल्य घ्यावे, कंडेन्सर नॉन-पोलर असावा, आणि दोन्ही खोक्यांतले एकदमच बदलावेत.

आता दुरुस्ती करणार कोण? इथे राजारामपुरीची बाजू भक्कम आहे आणि सावधगिरीचे कारणही तिथेच आहे. इथल्या मंडळांच्या गणेश आगमन मिरवणुकीतल्या साउंड सिस्टिम सर्वांना ठाऊक आहेत. मिरवणुकीचा स्पीकर जळतो, फाटतो आणि लगेच पुन्हा उभा करावा लागतो, त्यामुळे जिथे असा साउंडचा व्यवसाय आहे तिथे रिकोन करणारे, म्हणजे नवा कोन बसवणारे, आणि कॉइल बदलणारे हात तयार होतात. जवळच्या उद्यमनगरात मोटारी रिवाइंड करणाऱ्यांची परंपराही आहे. मोठ्या शहरांतल्या अनेक उपनगरांत आज असे कारागीर शोधूनही सापडत नाहीत. पण मिरवणुकीचा स्पीकर आणि दिवाणखान्यातला स्पीकर यांची प्रकृती वेगळी असते. पहिल्याला प्रचंड वॅट सोसायचे असतात, म्हणून त्याची कड ताठ कापडी आणि कॉइल जाड. दुसऱ्याला कमी वॅटमध्ये खोल उतरायचे असते, म्हणून त्याचे आधार मऊ. घरगुती वूफरला ताठ कड बसवली तर त्याची नैसर्गिक कंपनसंख्या वर सरकते आणि ज्या बेससाठी तो जपला तोच हरवतो. खोक्याचे आकारमान आणि मागच्या पोर्टची लांबी त्या मूळ कंपनसंख्येशी जुळवलेली असते, हे नेव्हिल थिल आणि रिचर्ड स्मॉल यांनी गणिताने दाखवून दिले आहे. तेव्हा कारागिराला स्पष्ट सांगा : कड मूळच्याच मापाची आणि फोमची किंवा मऊ रबराची हवी, कोन जुनाच ठेवायचा, आणि चिकटवताना कॉइल मध्यावर राहण्यासाठी खाचेत पातळ पट्ट्या घालायच्या. गावात माल नसेल तर पुण्याच्या पासोड्या विठोबाजवळच्या किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या बाजारात चौकशी करावी. जाताना कोनाचा व्यास, बास्केटचा व्यास आणि कडेच्या वळीची रुंदी मोजून न्यावी.

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप असा की तंत्रज्ञान पुढे गेले आहे, जुन्याला ठिगळ लावण्यात काय अर्थ? आक्षेप अर्धा खरा आहे. फ्लॉइड टूल यांनी कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत केलेल्या प्रयोगांनंतर आवाज खोलीत कसा पसरतो याचा विचार करून स्पीकर घडवले जाऊ लागले. आजचा नीट बनवलेला मध्यम किमतीचा स्पीकर जुन्या अनेक नामवंतांपेक्षा सरळ आणि स्वच्छ वाजतो. पण आपल्याकडे जुन्या खोक्याच्या जागी सहसा तो येत नाही. येतो तळहातावर मावणारा ब्लूटूथ स्पीकर किंवा टीव्हीखालची पट्टी. तिथे भौतिकशास्त्र आडवे येते. आठ इंची कोनाचे क्षेत्रफळ चार इंचीच्या चौपट असते, म्हणजे तेवढीच हवा हलवायला लहान कोनाला चौपट अंतर मागेपुढे जावे लागते. ती कसर मग अँप्लिफायरच्या ताकदीने आणि आतल्या संगणकीय करामतीने भरून काढतात, आणि आवाज वाढवला की करामत थकते. शिवाय ब्लूटूथ स्पीकरमधली लिथियम बॅटरी काही वर्षांत उतरते आणि खोके उघडेल असे सहसा बनवलेले नसते. जे नवे म्हणून आणले तेच आधी भंगारात जाते. दुसरा आक्षेप : दुरुस्त केलेला स्पीकर मूळसारखा वाजत नाही. चुकीचा माल वापरला तर नक्कीच नाही. योग्य कड दोन्ही खोक्यांना एकाच वेळी बसवली, तर फरक राहिलाच तर तो फार थोडा.

तरीही काही स्पीकर सोडून द्यावेत, आणि त्यात मन घट्ट करावे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शाहूपुरी, नागाळा पार्क भागांतल्या घरांत पाणी शिरले; अशा पाण्यात बुडालेली भुशाच्या बोर्डाची खोकी फुगतात, सांधे उघडतात आणि मॅग्नेटच्या खाचेत गाळ व गंज बसतो. तिथे खर्च करू नये. विशिष्ट घडणीचा ट्वीटर जळाला असेल आणि तसाच दुसरा मिळत नसेल, तर हाती आला तो बसवून काम भागत नाही, कारण क्रॉसओव्हर मूळच्या ट्वीटरसाठी केलेला असतो. ज्यांच्या पाठीवर हजारो वॅट ‘पीएमपीओ’ छापले होते त्या प्लास्टिकच्या खोक्यांबद्दल हळहळ नको. तो आकडा मोजमापाचा नव्हताच, आणि आत बहुधा पातळ कागदी कोन असतो.

निवाडा असा : खोके घट्ट, कॉइल जिवंत आणि बिघाड कडेचा किंवा कंडेन्सरचा असेल, तर दुरुस्त करा. मात्र त्याच आकाराच्या चांगल्या नव्या जोडीच्या निम्म्याहून जास्त खर्च सांगितला, तर थांबा आणि दुसरीकडे विचारा. खोके फुगले, किंवा मूळचा भाग मिळतच नाही, तर नवी जोडी घ्या, पण ऐकून घ्या, आणि आपल्याच आवडीचे गाणे लावून ऐका. जुनी जोडी ई-कचरा स्वीकारणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्या; यासंबंधीचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून देशभर लागू आहेत. आणि या दिवाळीत माळ्यावरून स्पीकर उतरला, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी त्याची जाळी काढून कड एकदा बोटाने तपासा.