धम्मध्वजाचा सहावा पट्टा

आपल्या करकंबच्या प्रांगणात फडकणाऱ्या पंचशील धम्मध्वजाची रचना १८८५ साली कोलंबो येथे झाली. निळा, पिवळा, लाल, पांढरा व केशरी या पाच पट्ट्यांनंतरच्या सहाव्या पट्ट्यात हेच रंग एकाखाली एक आहेत. तो पट्टा त्यांच्या एकत्रित तेजाचे, प्रभास्वराचे प्रतीक होय.

हे रंग कालवले असते तर? मळकट छटाच उरली असती. कारण प्रत्येक रंगद्रव्य प्रकाशाचा काही भाग शोषून घेते. पिवळे द्रव्य निळा प्रकाश शोषते, निळे द्रव्य तांबडा. म्हणून दोहोंच्या मिश्रणातून हिरवा उरतो. ही वजाबाकी आहे.

प्रकाशात मात्र बेरीज होते. लाल, हिरवा व निळा झोत योग्य प्रमाणात एकत्र पडताच पांढरा उजेड दिसतो. कापडावर ते साधत नाही. तेथे रंग शेजारी ठेवले, तरच प्रत्येकाची ओळख टिकते.