मध्यरात्रीची जाग

मे महिन्यात अकोल्याचा पारा ४४-४५ अंशांवर चढला, की गच्चीवर निजूनही मला रात्री दोनतीनदा जाग येते. अमरावतीची माझी मावशी तर एवढ्यावरून झोपेच्या गोळ्या मागू लागली!

पण झोप म्हणजे काही एकसंध धार नव्हे. सुमारे दीड तासाचा एक, असे तिचे रात्रीत चारपाच फेरे होतात. १९५३ साली शिकागो विद्यापीठातील असेरिन्स्की व क्लाइटमन यांनी झोपेतली डोळ्यांची भिरभिर नोंदवली आणि पुढे हे फेरे उलगडत गेले. फेरा सरताना क्षणभर जाग येणे स्वाभाविकच. सकाळी ती बहुधा आठवतही नाही. खरी झोप उडते ती घड्याळ पाहून काळजी करण्याने. मात्र श्वास कोंडून जाग येत असेल, दिवसा डुलक्या लागत असतील, तर डॉक्टरांना अवश्य दाखवावे. एरवी खुशाल कूस बदलावी!