टाळकऱ्यांची रांग

लोणावळ्याच्या डोंगरात उगम पावलेली इंद्रायणी देहूस पोहोचण्यापूर्वी ज्या इंदुरीजवळून वाहते, ते गाव सरसेनापती दाभाड्यांच्या गढीमुळे इतिहासाच्या अभ्यासकांस ठाऊक आहे. परंतु भंडारा डोंगर, देहू आणि सुदुंबरे यांच्या सान्निध्यातला हा मुलूख मला अधिक मोलाचा वाटतो तो सामुदायिक भजनाच्या परंपरेमुळे. सुदुंबऱ्यास संताजी जगनाड्यांची समाधी आहे. तेलघाण्यावर उदरनिर्वाह करणारे हे गृहस्थ तुकोबांच्या चौदा टाळकऱ्यांपैकी एक, आणि परंपरा त्याच रांगेत कडूसच्या गंगारामपंत मवाळ या ब्राह्मणाचेही नाव घेते. ज्या काळी माणसाची पायरी वतन, मानपान आणि जात यांनी मुक्रर होत असे, त्या काळी एकाच्या मुखातून सुटलेले ध्रुवपद दुसऱ्याने झेलावे, ही घटना लहान नव्हे.

भजनाची रचनाच त्यास अनुकूल आहे. मध्ये विणेकरी व मृदंगी, दोन्ही बाजूंस टाळकरी. एकाने चाल सांगावी आणि इतरांनी ती उचलावी. ज्यास गळा नाही त्याच्या हातीही टाळ येतो, आणि ठेका कधी धिमा, कधी द्रुत करावयाचा हे तो शेजारच्या वडीलधाऱ्याच्या हाताकडे पाहूनच शिकतो.

स्वीडनमधील गोटेनबर्गच्या संशोधकांनी २०१३ साली दाखविले की, एकत्र गाताना चरणाच्या लांबीने श्वास बांधला जातो आणि त्यायोगे गाणाऱ्यांच्या हृदयाची गती एकसमयावच्छेदेकरून कमीजास्त होते. या निष्कर्षाने मला आनंद झाला. तथापि भजनाचा खरा परिणाम मी अखंड हरिनाम सप्ताहातील वीणेच्या पहाऱ्यात पाहतो. सात दिवस वीणा खाली टेकत नाही. दुसरा आल्याखेरीज पहिल्यास गळ्यातून ती काढता येत नाही. घरात ज्याचे मत कोणी विचारीत नाही अशा वृद्धाचीही पहाटे तीन वाजता गाव वाट पाहते, आणि हे वाट पाहणे त्याला पुढे वर्षभर पुरते. गावोगावच्या महिला भजनी मंडळांनी स्त्रियांस पेटी-पखवाज शिकण्याची, चारचौघींत बसण्याची आणि परगावी जाण्याची मोकळीक दिली, तीही मी याच हिशेबात धरतो.

अलीकडे मात्र ध्वनिक्षेपक एका गवयासमोर ठेवला जातो आणि रांगेतील सर्वांचा आवाज त्याच्याखाली बुडून जातो. कीर्तनकारास तो अवश्य द्यावा. हरिपाठाच्या वेळी मात्र मंडळांनी तो बंद करावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.