गोदावरीच्या काठावरची सरहद्द

छत्रपती संभाजीनगरहून अहिल्यानगरला तुम्ही एस.टी.ने कधीतरी गेला असाल. वाळूज मागे पडते. पुढे कायगाव येते आणि मग गोदावरीचा लांब पूल लागतो. १९७६ मध्ये पैठणचे जायकवाडी धरण पूर्ण झाले. तेव्हापासून त्याचे पाणी इथपर्यंत पसरते, म्हणून नदी फार रुंद दिसते. पलीकडे प्रवरासंगम. तेथे प्रवरा नदी गोदावरीला मिळते. पूल ओलांडायला जेमतेम एक-दोन मिनिटे लागतात. जिल्हा बदलतो, पण बसमधील कोणी मानही वर करीत नाही.

या दोन मिनिटांच्या प्रवासात पूर्वी राज्य बदलत असे. छत्रपती संभाजीनगरचे नाव तेव्हा औरंगाबाद होते आणि ते हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होते. अहिल्यानगरला अहमदनगर म्हणत आणि तेथे इंग्रजांचा अंमल होता. मधली सीमा म्हणजे ही गोदावरी. १९४८ पर्यंत असेच चालले. कन्नडहून घाट उतरून चाळीसगावला जाणाराही सरहद्द ओलांडत असे. अजिंठ्याची लेणी निजामाच्या राज्यात आणि जळगावचे रेल्वे स्टेशन इंग्रजांच्या मुलखात. म्हणजे जळगावला उतरून लेणी पाहायला येणारा प्रवासी वाटेत एका राज्यातून दुसऱ्या राज्यात येई.

आता अशी कल्पना करा. १९३० सालचा डिसेंबर महिना आहे. तुमचे पणजोबा नगरच्या बाजारातून मुलीच्या निकाहासाठी कापड घेऊन औरंगाबादला परत निघाले आहेत. कापड ६० रुपयांचे आहे. खिशात आणखी १२ रुपये उरले आहेत. ते नदी ओलांडतात. तेथे त्यांच्यापुढे काय काय येईल?

पासपोर्ट कोणी मागणार नाही. माणसाला अडवीत नसत, मालाला अडवीत. सरहद्दीच्या रस्त्यांवर निजाम सरकारचे नाके असत. त्या खात्याचे नाव होते करोडगिरी. हा शब्द तुम्हाला ओळखीचा वाटेल. अकबर बादशहाने १५७५ च्या सुमारास महसूल गोळा करण्यासाठी नवे अधिकारी नेमले. एकेकाकडे एक कोट दाम, म्हणजे त्या काळची तांब्याची नाणी, एवढ्या उत्पन्नाचा मुलूख असे. म्हणून त्यांना करोडी म्हणू लागले. पुढे दक्षिणेत मालावरची जकात वसूल करण्याच्या कामालाच करोडगिरी हे नाव पडले. मराठवाड्यातील खेडूतही हा शब्द सहज वापरीत. तो दरबारी आहे, हे कोणाच्या ध्यानातही येत नसे.

नाक्यावर गाठोडे सोडावे लागे. माल पाहून त्याची किंमत ठरवीत आणि त्या किमतीवर जकात आकारीत. १८०२ साली निजाम आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात व्यापाराचा तह झाला होता. त्यात शेकडा ५ हा दर ठरला होता. आपणही आपल्या हिशेबात तोच दर धरू.

पण हिशेब कोणत्या रुपयांत करायचा? पणजोबांच्या खिशात आहेत इंग्रजी रुपये. त्यांना लोक कलदार म्हणत. 'कल' म्हणजे यंत्र, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको. निजामाच्या राज्यात चालतो तो हाली सिक्का. 'हाली' म्हणजे सध्या चालू असलेला. सरकारी दराने १०० कलदार रुपयांना ११६ रुपये १० आणे ८ पै हाली मिळत. हा आकडा अवघड दिसतो, पण त्यामागचे गणित सोपे आहे: ६ कलदार म्हणजे ७ हाली. तेव्हा ६० रुपयांचे कापड झाले ७० हालीचे. त्यावर शेकडा ५ प्रमाणे जकात साडेतीन रुपये, म्हणजे ३ रुपये ८ आणे. खिशातल्या १२ कलदारांचे झाले १४ हाली. जकात देऊन पणजोबांच्या हाती उरले १० रुपये ८ आणे. लग्नघरात साडेतीन रुपये त्या काळी काही थोडे नव्हते.

नदीच्या अलीकडे तारीखही बदले. नगरच्या कचेरीत डिसेंबर १९३० लिहीत. त्याच दिवशी औरंगाबादच्या कचेरीत बहमन १३४० फसली असे लिहीत. हैदराबादचे फसली वर्ष आजूर महिन्यापासून, म्हणजे ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू होई. नगरच्या कचेऱ्या रविवारी बंद, औरंगाबादच्या शुक्रवारी. तिकडचा कारभार इंग्रजीत आणि मराठीत, इकडचा उर्दूत. निजामाची टपालाची तिकिटेही वेगळी होती, पण ती राज्याच्या आतच चालत. नगरच्या आत्याला पत्र टाकायचे तर इंग्रजी सरकारचे तिकीट लावावे लागे.

आणि दोन्ही काठांवरची माणसे? त्यांची बोली एक, पेरणीचा हंगाम एक, सोयरिकी एकमेकांत. सरहद्दीचा अर्थ त्यांच्यासाठी एरवी एवढाच होता: नाक्यावर खोळंबा आणि खिशाला तोशीस.

पुढे मात्र या रेषेला फार वेगळा अर्थ आला. १५ ऑगस्ट १९४७ रोजी भारत स्वतंत्र झाला, परंतु हैदराबाद संस्थान भारतात सामील झाले नाही. संस्थानात रझाकारांची दहशत वाढली. अनेक कुटुंबे घरेदारे सोडून सरहद्दीपलीकडे गेली. तेथेच स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांनी आपली ठाणी उभारली. ते रात्री अलीकडे येऊन करोडगिरी नाक्यांवर हल्ले करीत, कारण निजामाची सत्ता खेड्यातल्या माणसाला दिसत असे ती या नाक्यांवरच. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. त्यानंतरच्या दिवसांत मराठवाड्यातील अनेक निरपराध मुसलमान कुटुंबांवरही संकट कोसळले. त्याची चौकशी करण्यासाठी भारत सरकारने पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांना पाठविले. काझीसाहेब हे उर्दूतील नामवंत लेखक आणि 'पयाम' या पत्राचे संपादक होते. माणसांनी त्या एका वर्षात दोन्ही बाजूंनी फार सोसले, हे वडीलधाऱ्यांच्या आठवणींतून तुम्ही ऐकलेही असेल.

राज्य गेले म्हणून सरहद्द लगेच पुसली गेली, असे मात्र झाले नाही. हाली सिक्का काही वर्षे भारतीय रुपयाबरोबर चालत राहिला. १९५० चे दशक संपेपर्यंत हळूहळू तो व्यवहारातून गेला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला आणि गोदावरीचे दोन्ही काठ एका राज्यात आले. १ मे १९६० पासून ते महाराष्ट्रात आहेत.

अशी रेषा पुसट होण्याची गोष्ट युरोपातही घडली आहे. फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग आणि जर्मनीतील केल ही गावे ऱ्हाईन नदीच्या दोन काठांवर आहेत. या दोन देशांत मोठी युद्धे झाली. पुढे १९८५ साली शेंगेन नावाच्या गावी पाच देशांनी करार केला आणि १९९५ पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. आता लोक तेथील पुलावरून कामाला किंवा बाजाराला रोज ये-जा करतात. मधूनमधून तात्पुरती तपासणी होते तेवढीच. २००२ पासून दोन्ही काठांवर युरो हेच नाणे चालते. त्यामुळे फ्रँकचे मार्क करण्याचा हिशेब, म्हणजे त्यांचे सहाचे सात, आता कोणी करीत नाही.

आपल्याकडची नाकी मोडली, तारखा एक झाल्या, पण हाली सिक्का अजून कुठे कुठे सापडतो. आजीच्या जुन्या पेटीत किंवा सराफाच्या दुकानात मिळाला तर तो हातात घेऊन नीट पाहा. एका बाजूला चारमिनार असेल. त्याच्या मधल्या कमानीत एक अक्षर असते. ते मीम असेल तर नाणे मीर महबूब अली खान यांच्या काळातले, ऐन असेल तर मीर उस्मान अली खान यांच्या काळातले. साल हिजरी असते. तुमच्या मराठी शाळेतल्या मित्राला ते वाचता येणार नाही. त्याला तुम्ही वाचून दाखवा. आणि निजामाच्या राज्यातली जुनी नोट कुठे पाहायला मिळाली तर तीही दोघांनी मिळून पाहा. तिच्यावर उर्दूबरोबर तेलुगू, कन्नड आणि मराठीतही रक्कम लिहिलेली असते. मराठीतली रक्कम तो वाचील.