झाडपाल्याचे औषध आणि आपली किडनी

‘झाडपाल्याचे औषध आहे, त्याने काय अपाय होणार?’ हे वाक्य आपल्या वस्त्यांत आपण नेहमी ऐकतो. दवाखान्याचा खर्च परवडत नाही, म्हणून काढ्यावर आणि मुळीवर भिस्त ठेवावी लागते. पण किडनी झाडपाला आणि गोळी असा भेद करीत नाही. रक्तातून जे येते ते तिला गाळावेच लागते.

बेल्जियममध्ये काय घडले ते पाहू. 1992 साली ब्रुसेल्समधील डॉक्टरांना तरुण बायकांच्या किडन्या झपाट्याने निकामी होताना दिसल्या. या बायकांनी वजन कमी करण्यासाठी एकच उपचार घेतला होता. त्यातील कॅप्सूलमध्ये एका चिनी मुळीच्या जागी ॲरिस्टोलोकिया या वेलीची मुळी आली होती. शंभराहून अधिक रुग्णांना बाधा झाली. अनेकांवर डायलिसिसची वेळ आली, काहींना पुढे मूत्रमार्गाचा कॅन्सर झाला. या वेलीतील ॲसिडने उंदरांना कॅन्सर होतो, हे 1982 सालीच प्रयोगात दिसले होते. तरीही ती मुळी माणसांच्या पोटात गेली.

अशी चाचणी कशी करतात? उंदरांचे गट पाडतात. एका गटाला औषध देत नाहीत. बाकीच्यांना कमी, मध्यम व जास्त मात्रा 28 किंवा 90 दिवस रोज देतात. मग रक्तातील युरिया, क्रिएटिनिन मोजतात आणि किडनीचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. हा काप महत्त्वाचा, कारण किडनीचे बरेच नुकसान होईपर्यंत क्रिएटिनिन वाढत नाही.

म्हणून ‘उंदरांवर तपासलेले’ एवढ्यावर विसंबू नये. ते उंदीर तरुण आणि निरोगी असतात. आपल्या घरातील आजीला बीपी असते, शुगर असते, शिवाय ती अंगदुखीची गोळीही घेते. आणि तपासलेली मुळी एक, बाजारात मिळणारी दुसरी, असेही होते.

आपल्याकडील सापसंद व कीडामारी याच ॲरिस्टोलोकियाच्या जातीतील आहेत. त्यांच्या मुळ्या, पाने पोटात घेऊ नयेत. नाव नसलेली पुडी घेऊ नये. काढा चालू असेल तर डॉक्टरांना न लाजता सांगावे. बीपी किंवा शुगर असणाऱ्यांनी वर्षातून एकदा तरी लघवी आणि क्रिएटिनिन तपासून घ्यावे. पायावर, तोंडावर सूज आली, लघवी कमी झाली, तर औषधाची पुडी सोबत घेऊनच दवाखाना गाठावा.