बीजगणितात ‘उडवाउडवी’ करताना गुण कुठे जातात?

अंशात क्ष² आणि छेदातही क्ष² दिसला की बऱ्याच मुलांचा पेन आपोआप चालतो. वर एक रेघ, खाली एक रेघ, दोन्ही उडाले! (क्ष² − ९)/(क्ष² − ३क्ष) या उदाहरणात तसे केले तर उत्तर ३/क्ष येते. दिसायला सुटसुटीत, पण साफ चूक. क्षच्या जागी ५ घालून बघा. मूळ राशीची किंमत १६/१०, म्हणजे १.६ येते, तर या उत्तराची ०.६.

घोळ आहे तो पद आणि अवयव यांत. अधिक-उण्याने जोडलेली ती पदे, गुणाकाराने जोडलेले ते अवयव. उडवता येतात फक्त अवयव, कारण वरखाली सारखा अवयव असेल तर त्या जोडीची किंमत १ होते आणि १ ने गुणून काही बदलत नाही. पदाला ही सवलत नाही.

म्हणून आधी अवयव पाडायचे. वर (क्ष − ३)(क्ष + ३), खाली क्ष(क्ष − ३). आता (क्ष − ३) खुशाल उडवा. उत्तर (क्ष + ३)/क्ष. क्ष = ५ घातले की ८/५, म्हणजे तेच १.६. मात्र मूळ छेद शून्य होता कामा नये, म्हणून क्षची किंमत ० किंवा ३ चालत नाही. उत्तरात (क्ष − ३) दिसत नसला तरी ३ ची बंदी कायम राहते. ही ओळ लिहायची राहून जाते.

वजाबाकीत खरी परीक्षा कंसाची. समजा, बेळगावहून गोकाकचा धबधबा बघायला क्ष जणांनी ६,००० रुपयांत गाडी ठरवली आणि ऐनवेळी दोघे गळाले. उरलेल्यांना माणशी किती जादा पडले? आता पडतात ६,०००/(क्ष − २), आधी पडत होते ६,०००/क्ष. यांची वजाबाकी करायची. छेदांचा लसावि क्ष(क्ष − २). अंश होतो ६,०००क्ष − ६,०००(क्ष − २). कंस सोडवताना आतल्या उणेचे अधिक होते आणि अंशात १२,००० उरतात. उत्तर १२,०००/क्ष(क्ष − २). बारा जण होते असे धरा : आधी माणशी ५००, आता ६००, फरक १००. सूत्रातही १२,००० भागिले १२० म्हणजे १००.

कंस विसरला तर अंश उणे १२,००० येतो. म्हणजे दोघे गळाले आणि बाकीच्यांना गाडी स्वस्त पडली! असा गाडीवाला कुठे मिळत नाही.

गुणाकार त्या मानाने सोपा, लसावि नकोच. (क्ष² − ४)/(क्ष² + ३क्ष) × (क्ष + ३)/(क्ष − २) यात आधी अवयव पाडले की (क्ष − २) आणि (क्ष + ३) दोन्ही उडतात, उरते (क्ष + २)/क्ष. येथे क्ष ०, २ किंवा −३ नसावा. आधी सगळे गुणून मग अवयव शोधत बसणे म्हणजे घास उगाच डोक्यामागून घेणे.

सीमाभागातील मराठी माध्यमाच्या मुलांना एसएसएलसीनंतर पीयूसी सायन्सला हेच शब्द इंग्रजीत भेटतात. पदाला टर्म, अवयवाला फॅक्टर, लसाविला एलसीएम, अंशाला न्यूमरेटर, छेदाला डिनॉमिनेटर. टर्म आणि फॅक्टर यांची गल्लत तिथेही तितकीच महागात पडते, तेव्हा ही जोडी दोन्ही भाषांत पक्की असावी. अंश आणि छेद हे शब्द तर कन्नडमध्येही तेच आहेत. भास्कराचार्यांच्या बाराव्या शतकातल्या ‘लीलावती’तही ते सापडतात.

उत्तर तपासायला क्षच्या जागी एखादी किंमत घालून बघायला अर्धा मिनिट पुरतो. त्यासाठी १ मात्र घेऊ नका. १ चा वर्गही १ च, त्यामुळे घातांकातली चूक झाकली जाते. ५ किंवा ७ बरे, फक्त त्याने छेद शून्य होत नाही ना, एवढे आधी बघून घ्यावे.