पाच तारे, पश्चिमेची भिंत आणि चौरस फुटाचा दर

एप्रिलमधल्या एका दुपारी मेहुण्याबरोबर पुण्यात फ्लॅट बघायला गेलो होतो. सँपल फ्लॅट थंडगार. माहितीपत्रकावर हिरव्या पानाखाली पाच तारे छापलेले. "सर, फाइव्ह स्टार बिल्डिंग आहे, लाइटबिल निम्मं येईल," विक्री विभागातली मुलगी म्हणाली. दर चौरस फुटाला दोनशे रुपये जास्त का, याचं उत्तरही तिच्या मते त्याच वाक्यात होतं. मी एसीवरचा आकडा पाहिला. अठरा.

त्या एका वाक्यात बरेच गैरसमज एकमेकांत अडकलेले आहेत.

सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे फ्रिजवरचे तारे आणि इमारतीवरचे तारे एकच. फ्रिज-एसीचे तारे देतं केंद्राचं ऊर्जा दक्षता ब्यूरो, म्हणजे बीईई, आणि ते तारे फक्त विजेबद्दल बोलतात. माहितीपत्रकातले तारे बहुधा 'ग्रिहा'चे असतात. ही टेरी ही संशोधन संस्था आणि केंद्रीय नवीकरणीय ऊर्जा मंत्रालय यांनी मिळून उभी केलेली पद्धत. दुसरी आयजीबीसी, उद्योगांच्या सीआयआय या संघटनेने 2001 मध्ये स्थापन केलेली. ती तारे देत नाही, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम म्हणते. या दोन्हींत वीज हा एक भाग. पावसाचं पाणी जिरवणं, सांडपाण्याचा पुनर्वापर, कचरा, बांधकामाचं साहित्य, झाडं यांचेही गुण असतात. चांगल्याच गोष्टी आहेत, पण त्यातल्या बऱ्याचशा तुमच्या मीटरवर दिसत नाहीत. लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे यांत वीज वाचली तर फरक पडतो तो सोसायटीच्या मेंटेनन्समध्ये.

घराच्या विजेचं लेबल वेगळंच आहे. बीईईने ते फेब्रुवारी 2019 मध्ये आणलं. ठरावीक वापर गृहीत धरून वर्षाला दर चौरस मीटरमागे किती युनिट लागतील, यावर त्याचे एक ते पाच तारे ठरतात. ते ऐच्छिक आहे. मेहुण्याने "हे लेबल आहे का?" असं विचारलं, तर मुलीने एसी कोणत्या कंपनीचा बसवणार ते सांगितलं.

"मानांकन मिळालंय" या शब्दांकडेही नीट बघा. बांधकाम चालू असताना मिळतं ते पूर्वप्रमाणपत्र. नकाशावर, कागदावर, वचनावर दिलेलं. अंतिम प्रमाणपत्र इमारत उभी राहिल्यावर. जाहिरातीत दोन्हींचा शिक्का सारखाच हिरवा.

आता ते दोनशे रुपये. "हिरव्या बांधकामाला खर्च जास्त, म्हणून दर जास्त" हे अर्धंच खरं. मुंबईसारखे अपवाद सोडले, तर राज्यात 2020 पासून जी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू आहे, ती अशा प्रकल्पाला मूळ एफएसआयवर, म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधता येईल त्या प्रमाणावर, बक्षीस देते: तीन तारे किंवा सिल्व्हरला 3 टक्के, चार किंवा गोल्डला 5, पाच किंवा प्लॅटिनमला 7. दहा हजार चौरस मीटरचा भूखंड आणि मूळ एफएसआय 1.1 धरला, तर सात टक्के म्हणजे 770 चौरस मीटर जादा बांधकाम. सहज दहाएक टूबीएचके. कबूल केलेलं मानांकन शेवटी मिळालं नाही, तर त्या जादा एफएसआयसाठी रेडी रेकनरच्या जमीनदराच्या दुप्पट दंडही नियमात आहे. थोडक्यात, ताऱ्यांची किंमत बिल्डरला एकदा मिळालेली असते. तुमच्याकडून ती पुन्हा घ्यायची की नाही, हा घासाघिशीचा विषय आहे. मेहुण्याने हे तिथे बोलून दाखवलं तेव्हा "सर, तुम्ही फार अभ्यास करून आलात" असं उत्तर मिळालं. दर तोच राहिला.

आणि निम्मं बिल? एकाच इमारतीतल्या, एकाच दिवशी ताबा मिळालेल्या दोन फ्लॅटचं बिल सारखं येत नाही. पश्चिमेच्या खोलीची भिंत दुपारभर ऊन पिते आणि रात्री दहालाही हाताला गरम लागते. सगळ्यात वरच्या मजल्यावर स्लॅब तापतो, पंखा तीच गरम हवा खाली ढकलत राहतो. केंद्राच्या 2018 च्या 'इको निवास संहिते'त या गोष्टींचे आकडे आहेत. थंड प्रदेश सोडून भिंती आणि खिडक्यांमधून आत येणारी सरासरी उष्णता दर चौरस मीटरला 15 वॅटपेक्षा जास्त नको. यात छप्पर धरलेलं नाही, त्याची मर्यादा वेगळी. उघडणाऱ्या खिडक्या-दारांचं क्षेत्रफळ मुंबईसारख्या दमट हवेत घराच्या कार्पेटच्या एक षष्ठांश हवं. 600 चौरस फुटांच्या घराला 100 चौरस फूट. दोन ट्रॅकच्या सरकत्या खिडकीत एका वेळी अर्धीच उघडते, म्हणून धरायचीही अर्धीच. हा हिशोब आपल्या घरी करून पाहिला. आमचं घर नापास झालं.

"विकताना पैसे वसूल होतात" यालाही आपल्याकडे अजून भक्कम आधार नाही. नेदरलँड्समध्ये 2008-09 च्या व्यवहारांवर ब्राउनन आणि कॉक या अभ्यासकांनी काम केलं; चांगलं ऊर्जालेबल असलेली घरं साधारण पावणेचार टक्के जास्त दराने विकली गेल्याचं त्यांना दिसलं. पण युरोपात विक्रीच्या जाहिरातीत लेबल द्यावंच लागतं, 2010 च्या निर्देशाने. घेणारा दोन घरं शेजारी ठेवून तुलना करू शकतो. आपल्याकडे जुन्या फ्लॅटच्या जाहिरातीत पार्किंग, वास्तू आणि स्टेशनपासूनचं अंतर असतं.

दोनशे रुपयांचं गणित स्वतः मांडा. 700 चौरस फुटांना 1,40,000 रुपये. समजा महिन्याला 60 युनिट वाचले आणि सगळं धरून युनिट बारा रुपयांना पडलं, तर वर्षाला 8,640 रुपये. सोळा वर्षं, तीही कर्जाचं व्याज न धरता. महावितरणचे दर टप्प्याटप्प्याने चढतात, त्यामुळे ज्याचं बिल तीनशे-पाचशे युनिटांच्या वर जातं त्याची वसुली लवकर होईल. शंभराच्या आत राहणाऱ्याची कदाचित कधीच नाही.

मेहुण्याने तो फ्लॅट घेतला नाही. त्याच दरात तिसऱ्या मजल्यावरचा, पूर्वेकडे तोंड असलेला दुसरीकडे मिळाला. तिथे ताराबिरा काही नव्हता. तुम्ही घर बघायला जाल तेव्हा एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी पाचनंतर जा, एसी बंद करायला सांगा, पश्चिमेच्या भिंतीवर हात ठेवा, आणि अंतिम प्रमाणपत्राची प्रत मागून घ्या.